कोणी लिहिली ही ओळ?

युनिक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यात ‘पाइप.सी’ नावाची एक छोटी फाइल होती. एका प्रोग्रामने काढलेलं उत्तर परस्पर दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती देण्याची सोय ती करायची. पुढे संगणकाच्या जगात फार मोठी ठरलेली ही कल्पना जेमतेम काही ओळींत मांडलेली आहे. यातल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून आज आपण विचारू शकतो : ही कोणी लिहिली? एका ओळीपाशी उत्तर येतं, केन थॉम्पसन, नोव्हेंबर १९७४. थोडं खाली सरकून पुन्हा विचारलं की उत्तर येतं, बिल जॉय, जानेवारी १९८०.

उत्तर देतं ते गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. गिटचा जन्म एप्रिल २००५ मधला. थॉम्पसन यांनी ती ओळ लिहिली तेव्हा गिटचे कर्ते लिनस टॉरवाल्ड्स चार वर्षांचे होते. मग स्वतःच्या जन्माच्या तीस वर्षं आधीची गोष्ट गिटला कळली कुठून?

ती आणून ठेवली गेली. एका साधनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि जिथे कुठलंच साधन नव्हतं तिथे जुन्या टेप आणि छापील कागदांमधून माणसांनी ती शोधली, जुळवली, तपासली. रिपॉझिटरी इतिहासासकट हलवणं हे काम ऐकायला अगदी कारकुनी वाटतं. पण त्यात जसजसं खोल जावं तसतसं लक्षात येतं की इथे नेण्यासारखा तयार इतिहास पुष्कळदा नसतोच. तो पुराव्यांवरून नव्याने मांडावा लागतो.

वहीत काय असतं?

आधी रिपॉझिटरी म्हणजे काय ते पाहू. सातबारा उतारा जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते सांगतो. ती तिथवर कशी आली, कधी वाटणी झाली, कधी खरेदीखत झालं, वारसनोंद कोणाची लागली, हे फेरफाराच्या नोंदवहीत सापडतं. सोर्स कोड हा आजचा सातबारा धरला, तर रिपॉझिटरी ही त्याच्या फेरफारांची वही. तिच्यातल्या प्रत्येक नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. कमिटमध्ये चार गोष्टी असतात : काय बदललं, कोणी बदललं, कधी बदललं आणि का बदललं.

यातलं ‘का’ सगळ्यांत मोलाचं. एखादी विचित्र अट कोडमध्ये दिसते. ती काढून टाकावी असं नव्या माणसाला वाटतं. बारा वर्षांपूर्वीच्या कमिटमध्ये दोन वाक्यं असतात : अमुक छपाईयंत्र रिकामं उत्तर पाठवतं, म्हणून ही अट. तेवढ्याने एक चूक टळते. नवा दोष कुठल्या बदलाने शिरला हे शोधतानाही हीच वही कामी येते. दोष नव्हता ती नोंद आणि दोष आहे ती नोंद घ्यायची, मधली नोंद तपासायची, मग उरलेल्या अर्ध्याची मधली. असं निम्मं निम्मं करत गेलं की हजार नोंदींमधून दोषी नोंद दहा तपासण्यांत हाती लागते. कोडवर हक्क कोणाचा असा वाद उभा राहिला, तर साक्षही ही वहीच देते.

म्हणून जागा बदलताना फक्त आजचा कोड उचलून नेणं पुरत नाही. वही सोबत यावी लागते. आणि अडचण अशी की दर पिढीत वही लिहिण्याची रीतच बदलली.

पाच पिढ्या, पाच समजुती

१९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकिंड यांनी एससीसीएस तयार केलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस लिहिलं. दोन्ही साधनं एकेका फाइलचा इतिहास ठेवायची. १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या डिक ग्रून यांनी आरसीएसवर सीव्हीएस उभं केलं आणि अनेकांना एकाच वेळी एका प्रकल्पावर काम करता येऊ लागलं. २००० मध्ये सबव्हर्जनचं काम सुरू झालं, २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. २००५ मध्ये गिट आलं, आणि त्याच महिन्यात मर्क्युरियलही.

‘एक बदल म्हणजे काय’ या प्रश्नावर या साधनांचं एकमत नाही. सीव्हीएसच्या दृष्टीने बदल होतो तो एका फाइलमध्ये. सबव्हर्जनच्या दृष्टीने बदल संपूर्ण रिपॉझिटरीचा असतो आणि प्रत्येकाला चढता क्रमांक मिळतो. गिट तर बदल साठवतच नाही. ते दर वेळी संपूर्ण प्रकल्पाचं चित्र नोंदवतं आणि त्याआधीचं चित्र कुठलं याची खूण ठेवतं. एका साधनाने ज्याची नोंद कधी केलीच नाही, तेच दुसरं साधन दारात विचारतं.

फायरफॉक्सपासून पोस्टग्रेसपर्यंत आणि फ्रीबीएसडीपासून पायथॉनपर्यंत कितीतरी प्रकल्प या दारातून गेले आहेत. फ्रीबीएसडी सीव्हीएसमधून २००८ साली सबव्हर्जनमध्ये आणि २०२० च्या अखेरीस गिटमध्ये आलं. पायथॉन तर सीव्हीएस, सबव्हर्जन, मर्क्युरियल आणि गिट अशा चार घरांत राहिलं आहे. दर वेळी जुनी वही नव्या रीतीने लिहावी लागली.

विखुरलेल्या नोंदींमधून एक कृती

सीव्हीएसचंच उदाहरण घेऊ. एका प्रोग्रामरने सात फाइलींमध्ये मिळून एक सुधारणा केली. तिच्या मनात ती एक कृती आहे. सीव्हीएस मात्र सात फाइलींच्या सात वेगळ्या वह्यांमध्ये सात नोंदी करून मोकळं होतं. या सातही नोंदी एकाच कृतीच्या आहेत, असं कुठेही लिहिलेलं नसतं. आता गिटला त्या एका कमिटमध्ये हव्या आहेत. कशा ओळखायच्या?

ओळखता येतात, ते पुराव्यांवरून. सातही नोंदींवर नाव एकच असतं, संदेश अक्षरशः तोच असतो आणि वेळा काही सेकंदांच्या किंवा मिनिटांच्या अंतराने असतात. मायकेल हॅगर्टी यांनी अनेक वर्षं सांभाळलेलं ‘सीव्हीएस-टू-एसव्हीएन’ हे साधन याच खुणांवरून नोंदी एकत्र बांधतं. पण काम तिथे संपत नाही. घड्याळं चुकलेली असतात. एखाद्या फाइलची पाचवी आवृत्ती चौथीच्या आधी जन्मल्याचं वेळ सांगते. अशा ठिकाणी क्रमावर विश्वास ठेवायचा, घड्याळावर नाही, आणि वेळ दुरुस्त करून घ्यायची. एका फाइलमधली ही दुरुस्ती इतर फाइलींशी जमेल अशी करावी लागते.

कधी असे बांधलेले दोन गठ्ठे एकमेकांत अडकतात. पहिल्या गठ्ठ्यातली एक नोंद दुसऱ्याच्या आधीची असते आणि दुसरी नोंद त्याच्या नंतरची. म्हणजे पहिला गठ्ठा आधीही हवा आणि नंतरही हवा. वास्तवात असं घडणं शक्य नाही. मग साधन समजून घेतं की आपण एक समजलो त्या प्रत्यक्षात दोन कृती होत्या. बहुधा कोणीतरी तोच संदेश देऊन थोड्या वेळाने पुन्हा नोंद केली असणार. गठ्ठा योग्य जागी फोडला जातो. हे सगळं यंत्र करतं, लाखो नोंदींसाठी, आणि त्यामागचा विचार इतिहाससंशोधकाचा आहे. तारीख नसलेल्या पत्रांचा क्रम आतल्या उल्लेखांवरून लावणारी बुद्धी इथे अल्गोरिदममध्ये उतरली आहे.

काही पेच सुटत नाहीत. सीव्हीएसमध्ये ‘आवृत्ती २.०’ असा टॅग लावताना एक फाइल सोमवारची आणि दुसरी मागच्या महिन्यातली घेता यायची. असा संच प्रकल्पाच्या आयुष्यात कुठल्याही एका क्षणी अस्तित्वात नव्हता, पण ग्राहकांकडे गेला तो नेमका तोच. गिटमध्ये टॅग एका कमिटलाच लागतो. तेव्हा परिवर्तक त्या संचासाठी एक वेगळी कमिट रचतो आणि ती आपण रचली आहे असं तिच्या संदेशात लिहून ठेवतो. ही प्रामाणिक खूण मला फार महत्त्वाची वाटते. अनुमानाने भरलेली जागा वाचणाऱ्याला अनुमान म्हणूनच दिसली पाहिजे.

नावामागचा माणूस

सबव्हर्जनमधून निघताना प्रश्न वेगळे असतात. तिथे ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी शाखा, ही प्रकल्पाच्या फोल्डरची प्रत, एवढंच. ‘ट्रंक’, ‘ब्रँचेस’, ‘टॅग्ज’ ही फोल्डरांची नावं म्हणजे माणसांनी पाळलेला संकेत होता, यंत्राचा नियम नव्हता. लोकांनी टॅगच्या फोल्डरमध्ये नंतर दुरुस्त्या केल्या, एकाच नोंदीत दोन ब्रँचना हात लावला, चुकून ट्रंकच पुसली आणि पुन्हा आणली. गिटमध्ये जाताना यातली शाखा कुठली, नुसती प्रत कुठली आणि अपघात कुठला, ते ठरवावं लागतं.

दुसरा प्रश्न माणसांचा. सबव्हर्जनमध्ये कर्त्याचं फक्त युजरनेम असतं, गिटला पूर्ण नाव आणि ईमेल हवा. म्हणून स्थलांतराआधी एक यादी करतात. एका बाजूला युजरनेम, दुसऱ्या बाजूला माणूस. वीस वर्षं चाललेल्या प्रकल्पात ही यादी शेकड्यांवर जाते. काहींनी नोकऱ्या बदललेल्या असतात, काही हयात नसतात, काही नुसत्या तीन अक्षरांच्या रूपात उरलेले असतात. त्यांना ओळखण्यासाठी जुन्या मेल-याद्या आणि आवृत्त्यांसोबतच्या आभारपत्रिका उलगडाव्या लागतात.

या बाबतीत जीसीसी या कंपायलरचं स्थलांतर विलक्षण आहे. जीसीसीची पहिली आवृत्ती १९८७ ची. आपल्या हातातल्या कितीतरी उपकरणांमधला कोड कधी ना कधी त्यातून गेलेला असतो. जानेवारी २०२० मध्ये हा प्रकल्प सबव्हर्जनमधून गिटमध्ये आला, अडीच लाखांहून जास्त नोंदी घेऊन. साधन होतं एरिक रेमंड यांचं ‘रिपोसर्जन’. इतिहासावर शस्त्रक्रिया करण्यासाठीच २०१० पासून ते घडत होतं. पायथॉनमध्ये लिहिलेलं हे साधन जीसीसीच्या ओझ्याखाली इतकं मंदावलं की त्याचा संपूर्ण कोड गो भाषेत नव्याने आणावा लागला.

या कामातली एक गोष्ट मनावर ठसते. जीसीसीत अनेकदा सुधारणा एकाची असायची आणि ती नोंदवायचा दुसराच, कारण पहिल्याला नोंदवण्याचा अधिकार नसायचा. सबव्हर्जनकडे नाव फक्त दुसऱ्याचं उरायचं. मात्र प्रकल्पाची एक जुनी शिस्त होती. प्रत्येक बदलाची हकीगत ‘चेंजलॉग’ नावाच्या फाइलीत तारीख, नाव आणि ईमेल घालून लिहायची. रिपोसर्जन दर नोंदीसोबत चेंजलॉगमध्ये कुठला मजकूर वाढला ते वाचतं आणि खऱ्या कर्त्याचं नाव तिथून उचलतं. गिटमध्ये लेखक आणि नोंदवणारा अशा दोन वेगळ्या जागा आहेत. म्हणजे कामाचं श्रेय ज्या साधनाला ठेवताच येत नव्हतं, त्यातून बाहेर पडताना ते मूळ माणसाकडे परत गेलं. नुसती जपणूक जुन्या नावावरच थांबली असती. इथे स्थलांतराने इतिहास आधीपेक्षा खरा केला.

एकदाच मिळणारी संधी

एवढी खटपट स्थलांतराआधीच का करायची? चुका मागाहून का सुधारू नयेत? याचं उत्तर गिटच्या रचनेत आहे, आणि ती रचना थक्क करणारी आहे.

गिटमधल्या प्रत्येक कमिटची ओळख म्हणजे ४० अक्षरांचा हॅश. तो कोणी नेमून देत नाही. कमिटमधल्या मजकुरातून तो गणिताने निघतो : फाइलींचा आशय, लेखक, नोंदवणारा, वेळ, संदेश आणि आधीच्या कमिटचा हॅश. शेवटचा घटक निर्णायक आहे. आधीच्या कमिटची ओळख पुढच्या कमिटच्या ओळखीत मुरलेली असते, तिची तिच्या पुढच्यात. म्हणून १९८९ च्या एका नोंदीत कोणाच्या नावातलं एक अक्षर दुरुस्त केलं, तर तिथून आजपर्यंतच्या प्रत्येक कमिटची ओळख बदलते. जगभरच्या प्रती तेवढ्याने बेमेळ होतात.

याची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. आजच्या कमिटचा हॅश तुमच्याकडे आणि माझ्याकडे सारखा असला, तर त्यामागचा सगळा इतिहास, प्रत्येक फाइल, प्रत्येक नाव, प्रत्येक तारीख सारखीच आहे असं आपण धरून चालू शकतो. ४० अक्षरं काही दशकांची हमी देतात. म्हणूनच गिटमधून गिटमध्ये जाणं सोपं असतं. सर्व ब्रँच आणि टॅग यांच्यासह आरशासारखी प्रत काढायची आणि नव्या सर्व्हरवर ढकलायची. दोन आज्ञांचं काम.

जुन्या साधनातून येताना मात्र हॅश पहिल्यांदाच जन्मतात, आणि ते जाहीर झाले की इतिहास गोठतो. त्यामुळे जाणते लोक परिवर्तन एका झटक्यात करत नाहीत. त्याची कृती लिहून काढतात, ती पुन्हा पुन्हा चालवतात, निकाल तपासतात, यादीत नाव सुधारतात, पुन्हा चालवतात. जुनी रिपॉझिटरी या काळात चालूच असते. ठरलेल्या दिवशी ती फक्त वाचनापुरती करतात, शेवटचं परिवर्तन चालवतात आणि नवं दार उघडतात. वेगाचा प्रश्न ‘फास्ट-इम्पोर्ट’ने सोडवला आहे. शॉन पिअर्स यांनी लिहिलेल्या गिटच्या या भागाला इतिहास साध्या मजकुराच्या प्रवाहात सांगता येतो. दहा वर्षांचा आणि लाखभर कमिटांचा इतिहास साध्या यंत्रावर तासा-दोन तासांत उभा राहतो, असं त्याची माहितीपुस्तिका सांगते. महिने लागतात ते निर्णयांना.

तपासणीही सोपी नसली तरी निःसंदिग्ध असते. जुन्या साधनातून प्रत्येक टॅगची फाइलसंपदा काढायची, नव्यातून तीच काढायची आणि बाइट-बाइट ताडून पाहायची. फरक आढळलाच, तर त्याचं कारण सांगता आलं पाहिजे. रिकामी फोल्डरं गिट ठेवत नाही, हे एक कारण. जुनी साधनं फाइलच्या डोक्यावर आवृत्ती-क्रमांक आपोआप छापायची, हे दुसरं. कारण सापडत नाही तोवर दार उघडायचं नाही.

जुन्या पत्त्यांचं काय?

इतिहास हलला, पण इतिहासाविषयी लिहिलेलं सगळं तिथेच राहिलं तर? ‘हा दोष १४५०७ क्रमांकाच्या नोंदीने आला’ अशी वाक्यं कमिटांमध्ये, कोडमधल्या टिपांमध्ये, मेल-यादीत विखुरलेली असतात. गिटमध्ये तो क्रमांकच नसतो. काही प्रकल्प म्हणून प्रत्येक नव्या कमिटच्या संदेशाखाली जुना क्रमांक लिहून ठेवतात. क्रमांक शोधला की कमिट सापडते.

ईमॅक्सच्या स्थलांतरात याहून सखोल विचार झाला. या मजकूर-संपादकाचा (टेक्स्ट एडिटरचा) इतिहास १९८५ पर्यंत मागे जातो आणि आरसीएस, सीव्हीएस व बझार अशा टप्प्यांमधून तो नोव्हेंबर २०१४ मध्ये गिटमध्ये पोचला. संदेशांमध्ये प्रत्येक काळातल्या साधनाचे क्रमांक साचलेले होते. एरिक रेमंड यांनी ते उल्लेख एका वेगळ्या खुणेत बदलले : घटनेची नेमकी वेळ आणि कर्त्याचा ईमेल. अमक्याने अमक्या सेकंदाला केलेली नोंद, असं म्हटलं की तिला कुठल्याही साधनाचा क्रमांक लागत नाही. गिटनंतर आणखी काही आलं तरी ही खूण वाचता येईल. पुढच्या स्थलांतराचा विचार आत्ताच्या स्थलांतरात करणं, यापेक्षा मोठी दूरदृष्टी या क्षेत्रात मला माहीत नाही.

मागे ठेवलेला इतिहास

कधी कधी इतिहास जाणूनबुजून मागे ठेवला जातो, आणि याचं सर्वांत मोठं उदाहरण खुद्द लिनक्सचं आहे. टॉरवाल्ड्स यांच्याच लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा २००२ पासून बिटकीपर या खासगी साधनात होता. एप्रिल २००५ मध्ये त्याच्या मोफत वापराची मुभा संपली. टॉरवाल्ड्स यांनी काही दिवसांत गिटचं पहिलं रूप लिहिलं आणि १६ एप्रिल २००५ रोजी लिनक्स त्यात ठेवलं. पहिल्या कमिटमध्येच त्यांनी लिहिलं की पूर्ण इतिहास आपल्याजवळ आहे, पण तो आणला तर ३.२ जीबी होईल आणि नवख्या गिटला ते ओझं होईल. हवा असल्यास तो नंतर वेगळा ठेवता येईल.

परिणाम आजही दिसतो. त्या एका कमिटमध्ये १७ हजारांहून जास्त फाइली आणि ६७ लाखांहून जास्त ओळी आहेत. त्यातली जी ओळ अजून टिकून आहे तिचा कर्ता विचारला, तर टॉरवाल्ड्स यांचं नाव येतं, मग ती कोणीही लिहिलेली असो. शेकडो माणसांचं काम एका नावाखाली आणि एका तारखेखाली झाकलं गेलं आहे.

पण तो इतिहास हरवलेला नाही. बिटकीपरच्या काळातल्या नोंदी थॉमस ग्लाइक्सनर यांनी वेगळ्या गिट रिपॉझिटरीत आणून ठेवल्या. त्याआधीचा काळ जुन्या प्रकाशित आवृत्त्यांमधून उभा केला गेला. गिटमध्ये एक सुंदर सोय आहे. पहिल्या कमिटच्या जागी, तिचा हॅश न बदलता, आधीच्या इतिहासाला जोडलेली दुसरी कमिट दाखवता येते. ज्याला हवं त्याने आपल्या यंत्रावर हा सांधा जोडायचा. मग २००५ ची भिंत नाहीशी होते आणि प्रश्न थेट १९९१ कडे चालू लागतो. ज्याला नको त्याच्या प्रतीला धक्काही लागत नाही.

वहीच नव्हती तेव्हा

आता ‘पाइप.सी’कडे येऊ. बेल लॅब्सच्या संशोधकांनी युनिक्सच्या आवृत्त्या बाहेर दिल्या त्या टेपवर. त्या त्या दिवशीचा कोड, बस्स. मधल्या बदलांची वही उपलब्ध नाही. तरी अथेन्सच्या अर्थशास्त्र व व्यवसाय विद्यापीठातले प्राध्यापक डायोमिडिस स्पिनेलिस यांनी ती रचली. २०१५ मध्ये त्यांनी मांडलेल्या गिट रिपॉझिटरीत युनिक्सची ४४ वर्षं आहेत : १९७२ मधल्या सुमारे ५ हजार ओळींच्या गाभ्यापासून युनिक्सच्याच वंशातल्या २ कोटी ६० लाख ओळींच्या फ्रीबीएसडीपर्यंत. बेल लॅब्स, बर्कली विद्यापीठ आणि ३८६-बीएसडी यांच्या २४ आवृत्तीसंचांना बर्कलीच्या जुन्या एससीसीएस वह्या आणि फ्रीबीएसडीचा इतिहास जोडून हे एकसंध झाड उभं राहिलं. जानेवारी २००२ मध्ये कॅल्डेरा कंपनीने जुन्या युनिक्सला मुक्त परवाना दिला होता, म्हणून हे सर्वांसमोर ठेवता आलं.

वही नसताना नोंदी आल्या कशा? टेपवर प्रत्येक फाइलच्या शेवटच्या बदलाची वेळ टिकून होती. दोन आवृत्त्यांमध्ये जी फाइल बदलली, तिची कमिट त्या वेळेवर ठेवली. तारीख अशी मिळाली. नावासाठी मॅन्युअलची पानं, जुने लेख, फाइलींची मालकी यांचा आधार घेतला. सहाव्या आवृत्तीत तर गाभ्याचे दोन मुख्य फोल्डर ‘केन’ आणि ‘डीएमआर’ असे होते, थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचे. ‘पाइप.सी’ होती ‘केन’मध्ये. पुढे फोल्डर बदलले, फाइल दुसऱ्या जागी गेली. गिट फाइलींचं स्थलांतर नोंदवत नाही, ते आशयाच्या साम्यावरून ओळखतं. म्हणून बिल जॉय यांच्या १९८० मधल्या ओळींच्या शेजारी थॉम्पसन यांच्या १९७४ मधल्या ओळी वेगळ्या ओळखू येतात.

आणि १९७२ मधला तो अगदी सुरुवातीचा गाभा? त्याची टेपही नव्हती. उरले होते छापील कोडचे स्कॅन केलेले कागद. वॉरन टूमी यांनी सुरू केलेल्या युनिक्स हेरिटेज सोसायटीतल्या स्वयंसेवकांनी २००८ मध्ये ती पानं यंत्राने वाचून, हाताने दुरुस्त करून पुन्हा फाइली केल्या आणि पीडीपी-११ या जुन्या संगणकाच्या प्रतिरूपावर तो गाभा प्रत्यक्ष चालवला. असेंब्ली भाषेतलं एखादं अक्षर चुकीचं वाचलं असतं तर तो बहुधा चालला नसता. चालला, हीच त्या वाचनाची कसोटी ठरली.

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या मंडळींनी असंच केलं. डिसेंबर २००८ मध्ये पर्ल पर्फोर्स या साधनातून गिटमध्ये आलं ते १९८७ मधल्या पहिल्या आवृत्तीपासूनच्या इतिहासासह. सॅम व्हिलेन यांनी मोकळ्या वेळात वर्षाहून जास्त खपून जुन्या आवृत्त्या आणि दुरुस्त्यांचे संच जुळवून तो सांधला.

जे वहीत मावत नाही

एवढं सगळं करूनही काही गोष्टी रिपॉझिटरीत नसतातच. दोषांच्या तक्रारी, बदलावर झालेली चर्चा, नाकारलेले पर्याय हे सगळं त्या त्या संकेतस्थळाच्या पोटात असतं. ते बंद पडलं की रिपॉझिटरीची प्रत वाचते, संवाद वाचतोच असं नाही. गूगल कोड २०१६ च्या आरंभी बंद झालं. गिटोरियस त्याच्या आधीच गेलं होतं. २०१६ मध्येच फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने रॉबेर्तो दि कॉस्मो आणि स्तेफानो झाक्किरोली यांच्या पुढाकाराने ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा संग्रह जाहीर केला. जगातला उपलब्ध सोर्स कोड त्याच्या इतिहासासह जपणं हे त्याचं काम. या दोन्ही बंद पडलेल्या ठिकाणांचा कोड तिथे आहे, आणि युनेस्कोही या कामात सहभागी आहे.

तिथे किंवा कुठेही काय टिकतं, याचा विचार केला की एक गोष्ट स्पष्ट होते. फाइलींची जागा बदलते, क्रमांक बदलतात, ब्रँचची कल्पना बदलते, हॅश नव्याने जन्मतात. एससीसीएसपासून गिटपर्यंतचा प्रत्येक उंबरठा ओलांडून तीच राहते ती माणसाने साध्या भाषेत लिहिलेली ओळ : हे मी का केलं. विखुरलेल्या नोंदी सीव्हीएसमधून एकत्र बांधता आल्या त्यात सारख्या संदेशाचा मोठा वाटा होता. जीसीसीत विसरलेल्या लेखकांचं श्रेय परत मिळालं ते कोणीतरी रोज नेमाने चेंजलॉग लिहिला म्हणून. 

आज पुण्यात, नागपुरात किंवा पणजीत बसून कोणी एखादी कमिट करत असेल, तर संदेशाच्या जागी ‘किरकोळ बदल’ असं टाकून पुढे जाणं सोपं आहे. पण ही नोंद गिटच्या हयातीपुरतीच राहणार आहे असं समजू नये. ती इथून पुढे आणखी कुठे कुठे नेली जाईल आणि कोणीतरी तिच्या ओळीवर बोट ठेवून विचारेल. तारीख आणि नाव यंत्र सांगेल. कारण सांगणं तेवढं आपल्याच हातात आहे, आणि ते आजच लिहावं लागतं.